आत्याचं गणिताचं कार्ड

मंगळवार, १२ मार्च

चाललं! चाललं! दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी!

वहीएवढी हिरवी सर्किटची पाटी, आत्याने नोकरीत असताना स्वतः आखलेली. संगणकाने अवघड गणितं पाटीकडे टाकायची, तिने झटक्यात सोडवायची. तीस वर्षांपूर्वी तिच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हे कार्ड कधी चालायचं नाही — आणि काम बंद. तेव्हापासून ते आत्याच्या कपाटात.

आजचा संगणक त्याला ओळखतच नाही. म्हणून मी ड्रायव्हर लिहितेय — लग्न जुळवणाऱ्या काकूंसारखा, दोन्हीकडचे निरोप पोचवणारा प्रोग्राम. चार महिने दोन्ही घरं रुसलेली! आज पहिलंच उत्तर बरोब्बर. स्वयंपाकघरात धावत जाऊन आत्याला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. एवढंच! पण दूध उतू गेलं.

बुधवार, १३ मार्च

दहा हजार गणितं. चूक एकही नाही. माझे पाय जमिनीवर नाहीत.

गुरुवार, १४ मार्च

आत्याने चक्क साहेबांना फोन केला! रविवारी चारला या, म्हणाली. मग आरशासमोर जाऊन केस विंचरत बसली — तीन दिवस आधीपासून!

शनिवार, १६ मार्च

पाहुणे येणार म्हणून धूळ पुसायला संगणक उघडला. कार्डाची जागा रिकामी!

मग आठवलं — मंगळवारी सकाळी मीच एक सोय घातली होती. कार्डाने उत्तर दिलं नाही, तर संगणकाने स्वतःच गणित करावं. घातली आणि विसरले. म्हणजे पाच दिवस पेपर लिहीत होता संगणक, आणि टाळ्या कार्डाला! धन्य मी!

कार्ड आत्याच्या टेबलावर. चिपचा एक पाय निखळलेला दिसला म्हणून डाग देऊन जोडायला तिने सोमवारीच काढून नेलं होतं. मी सांगितलं तेव्हा तिला वाटलं, काढून नेण्याआधीच चाललं असणार. दोघी इतक्या हसलो की पोट दुखलं. मग कॅलेंडर दिसलं. उद्या साहेब!

सोय तशीच ठेवू, त्यांना काय कळणार, मी म्हटलं. आत्याने चष्मा काढला.

"मग त्यांचंच म्हणणं खरं ठरेल की गं."

सोय काढून टाकली. आणखी बरेच पाय ढिले निघालेत; डाग देऊन व्हायला उद्याचे तीन वाजतील. तपासायला वेळच नाही. आणि तरी हसूच फुटतंय.

रविवार, १७ मार्च

चारला साहेब आले. कार्डाला दोनचं वर्गमूळ विचारलं. उत्तर आलं. साहेबांनी स्वतः आणलेल्या कागदावरच्या उत्तराशी ताडून बघितलं. शेवटचे दोन आकडे चुकलेत, म्हणाले.

मी डोळेच मिटले. आत्या मात्र उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय!

"संगणक चुकला नसता, साहेब. हे माझ्या कार्डाने केलंय."

साहेबांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग खुर्ची पुढे ओढली आणि ते दोन आकडे कुठे चुकतायत ते शोधायला माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.