ओतकाम संपेपर्यंत

आबा, तुमचा धाकटा आज पुन्हा कामावर गेला. डॉक्टर नको म्हणत होते, त्याची बायको नको म्हणत होती, मी तर ओरडलेच. तुम्ही असता तर दारात उभं राहून त्याच्या पाठीवर थाप मारली असती. त्या न मारलेल्या थापेचा मला इतका राग आलाय की तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे.

जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात तो शिरोलीच्या त्याच फाउंड्रीत, तुम्ही जिथं आयुष्य काढलं त्याच शेडमध्ये, ओतकाम करताना पडला. वितळलेल्या लोखंडाचं भांडं जोडीदाराच्या हाती दिलं, दोन पावलं मागं सरकला आणि मग पडला. रस सांडू दिला नाही, हे त्याच्या गँगमधल्या लोकांनी दवाखान्यात मला कौतुकानं सांगितलं. अंग भाजत होतं, घामाचा टिपूस नव्हता आणि तो मला आई समजून काहीतरी बोलत होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात आहे, किडनीला मार बसलाय, यातून सुधारेल, पण पुन्हा असं होता कामा नये. किडनी म्हटल्यावर मला तुमचे शेवटच्या दिवसांतले सुजलेले पाय दिसले. तुमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, कामावर पाणी कमी पिता का, आणि तुम्ही हसला होता. तेच एक कारण होतं असं ते म्हणाले नव्हते. मीही म्हणणार नाही, रागाच्या भरात खोटं लिहायचं नाही. पण तुम्ही हसला होता, एवढं खरं आहे.

मे महिन्याची सुट्टी आहे आणि मी, शाळकरी पोर, तुमचा डबा घेऊन फाटकाशी उभी आहे. आत कोळशाची भट्टी धगधगते आहे, साच्यांच्या रांगा लागल्या आहेत. तुम्ही आणि तुमची गँग रस ओतत पुढं सरकता आहात, पायांत जाड बूट, डोक्याला पंचा. नवीन आलेला एकजण मध्येच बाहेर येऊन माठातून पाणी घेतो. सगळी शेड ओरडते, "या पावणं, या! बसा, च्या सांगू का?" तो ओशाळून ग्लास तसाच ठेवतो. शेवटचा साचा भरल्यावर तुम्ही सगळे चिंचेखाली येता, माठ रिकामा करता, आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी पिता. मला म्हणता, "ओतकाम संपस्तोवर पाणी न्हाई. भट्टीसमोर ज्याला तहान लागती त्यो फाउंड्रीतला न्हवं." मला तेव्हा तुमच्याइतका मोठा माणूस जगात दुसरा दिसत नव्हता.

मी तुमच्यावर अन्याय करू नये म्हणून हे दवाखान्यात धाकट्याला नीट विचारलं. तो म्हणाला, रस ओततात तिथं पाणी नेतच नाहीत, थेंब पडला तरी रस उसळून माणूस भाजतो. म्हणजे तुमच्या नियमाला बूड होतं. पण पाणी आत न्यायचं नाही हा झाला कायदा. बाहेर येऊनही प्यायचं नाही, ही तुमची मिजास. तुमच्या वेळी भट्टी दिवसातून एकदाच पेटायची, ओतकाम दुपारी सुरू होऊन सांजेच्या आत संपायचं, तोवर वळवाचे ढग यायचे, गार वारा सुटायचा. आता भट्टी विजेची आहे. एक रस ओतेपर्यंत दुसरा तयार असतो. ओतकाम संपतच नाही, आबा, फक्त पाळी बदलते. तुमचा नियम मात्र तोच. तुमच्या पोरानं अख्ख्या पाळीभर पाणी प्यायचं नाही असा त्याचा अर्थ झालाय आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही, माझ्याही नाही. चिंचही तोडली, तिथं आता गाड्या लागतात.

आणि कोल्हापूर तुम्ही पाहिलंत ते राहिलेलं नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी गेलं तरी कट्टा बसू देत नाही. मोबाइलवर रोज बातम्या येतात. दिल्लीत रात्रीसुद्धा उतार नाही, युरोपात म्हातारी माणसं पंखा नसलेल्या घरांत बंद दाराआड मरून पडतात, कुठं जंगलं पेटतात, कुठं शाळा बंद ठेवतात. बातमी देणारी बाई म्हणते, 'उष्णतेनं सगळे विक्रम मोडले', आणि तिचा आवाज क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखा असतो. मला तो मोबाइल भिंतीवर फेकावासा वाटतो. विक्रम कसले? धाकटा खाटेवर पडून हे बघत होता, हाताला सलाईन, आणि मला म्हणतो, "आक्का, त्या गोऱ्या लोकास्नी सोसत न्हाई. आपलं कातडं येगळं हाय." मी म्हटलं, "तुझं कातडं परवा कुठं गेलतं?" त्याची बायको डबा उघडत होती. ती म्हणाली, "कातडं हितंच हाय वन्सं, अक्कल शिरोलीत ठेवून आल्यात." तो हसला. अगदी तुमच्यासारखा हसला, आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

तो पडल्यावर मॅनेजरनं शेडबाहेर सावलीला पाण्याचं पिंप ठेवलं, प्रत्येक फेरीनंतर जाऊन पाणी प्यायचं असं सांगितलं. कुणी जात नाही. गँगचा म्होरक्या धाकटा, तो प्यायल्याशिवाय बाकीचे पिणार नाहीत. म्हणजे आज तो काय करतो यावर एकट्या त्याचा नाही, त्या सगळ्यांचा जीव अडकला आहे. काल तो जेवायला आला तेव्हा मी हेच सांगत होते. माझ्या लग्नात तुम्ही फाउंड्रीतल्या उरलेल्या रसातून ओतून दिलेला बिडाचा तवा, त्यावर भाकरी करत होते. आजही तो एका हातानं उचलत नाही. भाकरी टाकून मी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास आपटला.

"उद्या सगळ्यांच्या देखत बाहेर जाऊन पाणी पिणार का?"

"आक्का, तुला त्यातलं कळत न्हाई. आबांनी कधी पिलं का?"

"मग कुठं हाईत आबा?"

मी कॉलेज शिकलेली, घरात असं बोलत नाही. तोंडातून निघालं ते तुमच्याच बोलीत निघालं. तव्यावरची भाकरी जळली. मग त्यानं तो ग्लास उचलला आणि एका दमात संपवला, पण मला ते काही उत्तर वाटलं नाही.

मघाशी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, त्याचा फोन आला. मागं मशीनचा आवाज.

"आक्का, पिलो."

"सगळ्यांसमोर?"

त्यानं आवाज बारीक केला. मग म्हणाला, "भिंतीमागं गेलतो. बाटली घेऊन. पोरं बघत हुती की, कसं पिणार?"

"बाकीच्यांचं काय?"

"त्येंचं त्येंनी बघावं," म्हणाला आणि फोन ठेवला.

चोरून, आबा. पाणी चोरून पितो तुमचा पोरगा, जशी काही दारू आहे. तो वाचेल. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस त्याला कोरडा समजून कोरडाच उभा राहील. रडावं की ओरडावं कळेना, म्हणून हे लिहायला घेतलं. पण तुमच्यावर किती राग धरायचा तेही मला ठरवता येत नाही. तुम्ही भट्टीपुढं होता म्हणून मी पंख्याखाली बसून शिकले, आणि आता त्याच शिक्षणानं तुमचे दोष मांडते आहे. हे मला कळतं. तरी राग कमी होत नाही. तुम्ही एकदा, फक्त एकदा, त्या नवीन माणसाच्या हातात तो ग्लास परत दिला असता तर? तुम्ही दिला असता तर शेड हसली नसती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण एक सांगायचं राहिलं. लिहायला बसताना मी तांब्या भरून शेजारी ठेवला होता. दुपार भाजते आहे, वीज गेली आहे, पदर पाठीला चिकटलाय. तुमचा फाटकापाशीचा तो दिवस लिहिताना घसा सुकला होता, तेव्हा मनात आलं, एवढा परिच्छेद संपू दे. मग धाकट्याचं लिहून होऊ दे. मग म्हटलं, आता पत्रच पुरं करू आणि पिऊ. तांब्या अजून काठोकाठ आहे. मी कधी भट्टीसमोर उभी राहिले नाही, मला कुणी पावणं म्हणणार नव्हतं, घरात तर कुणीच नाही.

अजून पुष्कळ लिहायचं आहे. पत्र पुरं झालेलं नाही. मी आधी पाणी पिते.