बिनपगारी पहारा

मंगळवार, १० मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. मी बरा आहे. हे वाक्य तुला इतक्या वेळा खोटं लिहिलंय, की आज ते खरं असूनही लिहिताना हात अडखळला.

अक्षर ओळखलंस ना? रेघ आता थरथरत नाही. पाट्या रंगवण्याचं काम पुन्हा धरलंय, पण खुर्चीत बसून होतील तेवढ्याच पाट्या. घरांच्या दारावरच्या, दुकानांच्या काउंटरवरच्या. परवा एका दातांच्या डॉक्टरांनी हसरा दात काढून मागितला. माझा दात सोललेल्या बटाट्यासारखा झाला. त्यांना तो इतका आवडला, की आता दोन्ही बाजूंनी हवाय म्हणाले. परांचीवर चढणं मात्र बंद आहे. त्याचं कारण पुढे लिहितो.

आधी हे ऐक. ताई, काल मी माझं स्वतःचं रक्त काम करताना पाहिलं. काचेवरचा वाळलेला डाग नव्हे, जिवंत! कालपासून मला दुसरं काही सुचत नाही. सकाळी पाटीवर 'दवाखाना' लिहिताना एक अक्षर गाळून बसलो.

तुला आठवतं, सुईच्या नादात होतो तेव्हाही मी एचआयव्हीच्या गोळ्या चुकवत नव्हतो. चुकवणार कसा, त्या गोळ्या देणाऱ्या केंद्रातल्या सिस्टर पाठच सोडत नसत. तपासणीत विषाणू सापडू नये इतका खाली गेला होता. तरी मला गळवं यायची, छाती भरायची, साधी खरचटलेली जागा महिनाभर भरून यायची नाही. तू एकदा दाराआडून विचारलं होतंस, "गोळ्या घेतोस म्हणतोस, मग असा का दिसतोस?" मला वाटलं टोमणा मारतेस. चिडून निघून गेलो. पण ताई, प्रश्न अगदी बरोबर होता. त्या प्रश्नावर इथे एक अख्खी प्रयोगशाळा बसलीय, आणि त्यांना अधूनमधून रक्त देणाऱ्यांत मीही आहे.

तिथल्या बाई माझ्याएवढ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर आणि शोधतात टेबलावर. त्यांना मी तुझाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "नशा कुठे चढते, सांगा बरं?"

मी म्हटलं, "डोक्यात. अजून कुठे?"

"डोक्यात चढतेच. पण ज्या कडीला धरून ते औषध मेंदूत शिरतं, तसल्याच कड्या तुमच्या पांढऱ्या पेशींनाही असतात. तुम्ही पेंगता, तेव्हा त्याही पेंगतात."

इतकी वर्षं मला वाटायचं, पेंगणारा मी एकटाच.

मग त्यांनी आतड्याचं सांगितलं. त्या नशेनं पोट जाम होतं हे आमच्यात सगळ्यांनाच माहीत, त्यावरून आम्ही विनोद करायचो. पण आतून आतड्याची भिंत सैल पडते हे कुणाला माहीत होतं? आतले जंतू झिरपून रक्तात उतरतात. मी म्हटलं, "म्हणजे ओल आली भिंतीला." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच." ओल मला कळते गं. वरून कितीही रंग मारा, आतून पाणी येत राहिलं की पापुद्रे सुटणारच. मी गोळ्यांचा रंग मारत होतो आणि आतून झिरपत होतं. बिचाऱ्या पेशी उगाचच धावाधाव करून थकायच्या, आणि खरी गरज पडली की अंगात त्राण नसायचं. एचआयव्हीनं आधीच त्यांची निम्मी फळी मारलेली, त्यात मी हे करून ठेवलेलं.

मग त्यांनी पडद्यावर दोन चित्रफिती लावल्या. पहिली मी अभ्यासात नाव दिलं तेव्हाची, म्हणजे नशा चालू होती तेव्हाची. एक पांढरी पेशी, शेजारी जंतू म्हणून मुद्दाम सोडलेला यीस्टचा कण. पेशी त्याच्याकडे जरा सरकली, थांबली, आणि तिथंच बसून राहिली. जणू आपण कशासाठी उठलो तेच विसरली. ताई, मला तो मीच दिसलो. तुझ्या ओट्यापाशी रिकामा पेला धरून उभा असायचो, तो.

दुसरी फीत कालच्या रक्ताची. पेशी थेट निघाली. वाटेत दुसरी आडवी आली, तिला वळसा घातला, कणापाशी पोचली आणि दोन्हीकडून त्याला कवेत घेऊ लागली. मी खुर्चीतून उठून ओरडलो, "खा! खा त्याला!" शेजारच्या खोलीतून दोघं काय झालं ते बघायला आले. कण तिच्या आत गेला, आणि ती लगेच पुढच्याच्या मागे! शाबासकीसाठी थांबलीसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते लपवलं नाही.

बाईंनी बजावलं, की एका माणसाच्या दोन फितींवरून काही सिद्ध होत नाही. नशा सुटावी म्हणून सकाळी मी जिभेखाली ठेवतो ती उपचाराची गोळीही त्याच अफूच्या कुळातली आहे, फक्त धीमी आणि सांभाळून वागणारी, आणि तिचा पेशींवर नेमका किती परिणाम होतो हे त्यांनाही पुरतं ठाऊक नाही. म्हणाल्या, "आम्हाला कळलंय त्यापेक्षा न कळलेलंच जास्त आहे." मला तर हेही नवलाचं वाटलं. एवढी यंत्रं, एवढी शिकलेली माणसं, आणि माझ्या बोटातल्या थेंबापुढे हात टेकतात.

आणि अशा पेशी किती असतात अंगात, मोजदाद नाही! मी त्यांना काय दिलं? सुया दिल्या, जागरणं दिली, उपास घडवले. मी स्वतःला सोडलं होतं, तुम्ही सगळ्यांनी मला सोडलं (तुझं चुकलं असं म्हणत नाही), पण यांनी नोकरी सोडली नाही. बिनपगारी. पेंगत, अडखळत, पण जागेवर. सकाळपासून मी माझ्या मनगटाकडे बघतो आणि वाटतं, यांच्यासमोर जरा नीट वागायला हवं.

आता ते कारण. परांचीवरून पडलो तेव्हाचा खुबा, ज्याच्यापायी आधी त्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि मग सुई सुरू झाली होती, तो आता आतून खचलाय. सांधा बदलायचा ठरलाय. या महिन्याच्या शेवटी.

ऑपरेशनला मी घाबरत नाही. त्यानंतरचे दिवस आहेत ना, त्यांना घाबरतो. जोरदार वेदनाशामक द्यावंच लागेल, त्याच कुळातलं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. मी म्हटलं, नकोच ते, मी सोसतो. ते रागावले. "सोसून शूरपणा दाखवायचा नाही. दुखणं अंगावर काढलंत तर हमखास घसराल. औषध घ्यायचं, पण पाकीट तुमच्याजवळ राहणार नाही. घरातलं कुणी आहे?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

ताई, घसरलो तर काय होईल ते मी काल डोळ्यांनी पाहिलंय. एवढी मोठी जखम उघडी, आत नवा सांधा, आणि नेमक्या तेव्हाच माझे पहारेकरी झोपणार. डॉक्टर म्हणतात सांध्यात जंतू शिरले तर पाय वाचवणं अवघड, कदाचित मलाही. मला जगायचंय गं. हे वाक्य मी याआधी कुणाला लिहिलेलं नाही.

माझ्यामुळे तू कपाटाला कुलूप लावलंस, फडताळाला लावलंस, शेवटी शिलाई मशीनच्या झाकणालासुद्धा लावलंस. किल्ल्यांचा जुडगा तुझ्या कमरेला. तू चालायला लागलीस की तो वाजायचा, आणि मला त्या आवाजाचा इतका राग यायचा, की कानात बोटं घालून बसायचो.

तो जुडगा अजून आहे का तुझ्याकडे?

येशील? येताना कुलूप घेऊन ये.

तुझा,
धाकटा


सोमवार, १६ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. अक्षर बघून आधी वाटलं, कुणाकडून तरी लिहून घेतलंस. मग दाताचा बटाटा वाचला आणि खात्री पटली.

खरं सांगते, जमणार नाही असंच लिहायला बसले होते. शिवणाचं काम गळ्यापर्यंत आहे, शाळांचे गणवेश आलेत. आणि मला पुन्हा तुझ्या दाराशी पहारेकरी होऊन बसायचं नव्हतं. मागच्या वेळी त्यात माझं काय झालं ते तुला कळलंच नाही, आणि मीही कधी बोलले नाही. दाजी म्हणाले, तुला हवं ते कर, पण पत्र एकदा परत वाच.

परत वाचलं. तुझी ती पेशी वळसा घालून निघते तिथं थांबले. मशीनवर तशीच बसून राहिले, शिवण अर्धीच. त्या वेळी मी तुझ्यावर दार लावून घेतलं, आतून कडी घातली, आणि वाटलं की आता तुझ्याजवळ कुणीच नाही. त्या विचारानं मला कितीतरी रात्री झोप लागली नाही रे. आणि कुणीतरी होतं! इतकी सगळी होती. माझ्या जागी उभी होती.

मी येतेय. औषध माझ्याकडे राहील, वेळेवर मिळेल, आधी नाही आणि उशिराही नाही. भांडलास तरी नाही. रडलास तर शेजारी बसेन, पण औषधांची पेटी उघडणार नाही. दुखलं की मात्र खरं सांगायचं. जुडगा आहे. आता नुसत्या मशीनचीच किल्ली आहे त्यात, तरी सवयीनं कमरेलाच असतो.

एक कर. त्या चष्मेवाल्या बाईंना विचारून ठेव, मलाही ते बघता येईल का. काही समजणार नाही मला, पण एकदा बघायचंय. इतके दिवस तुला सांभाळलंय त्यांनी. आता जोडीला उभं राहायचं, तर त्यांना भेटून घ्यायला हवं.

त्यांच्याच पहाऱ्याच्या पाळीवर येणारी,
ताई