गोज्जूचं पहिलं पाणी

अव्वा, सगळ्यात आधी कोण आलं असंल, वळख बरं? आमच्या वन्सं! वळसंगाहून गाडी जुंपून, ओच्यात संत्री घेऊन. माझा ताप उतरूनही गेला, पण बातमी तिकडं आत्ता पोचली. "वैनी, हाईस व्हय अजून?" म्हणत उंबऱ्यातच बसल्या. आनंद झाला की हिरमोड, ते त्यांनाच ठावं. पाठोपाठ अकलूजच्या विहीणबाई, माझ्या सुनेची आई. त्यांच्याकडंबी टोपलीभर संत्री, वर लिंबाच्या लोणच्याची बरणी. आगगाडीनं नागपूरची संत्री यायला लागल्यापासून सोलापुरात आजारी पडायला लई बरं झालंय बघ. मी फळं नातवंडांना वाटली आणि साली हळूच वाकळंखाली ओढल्या.

खोड तुझीच, आईची लेकीला लागलेली. लहानपणी मी साल उकिरड्यावर फेकली, तर कान धरून परत आणायला लावलीस. "फळ घटकाभर जिभंवर, साल वरीसभर घरात," म्हणायचीस. वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालायचीस, लुगड्यांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत, आणि कुणी खोकलं की त्याच्यापुढं उकळलेल्या सालीचा पेला. तुझ्या भीतीनं घरात कुणी खोकायचं न्हाई. पण खरी तू कळायचीस गोज्जूत, सालीच्या त्या आंबटगोड कालवणात. साल बारीक चिरायची, मिठाच्या पाण्यात उकळायची, ते पहिलं पाणी फेकून द्यायचं, मग चिंच, गूळ, मिरची, तिळाचं कूट. पाणी फेकलं न्हाई तर गोज्जू न्हाई, कडू काढा होतो.

माझं लग्न झाल्यावर तू अक्कलकोटाहून गोज्जूचं गाडगं घेऊन हितं आलीस, आठवतं? वन्संनी नाक मुरडलं. "सालीचं कालवण? आमच्यात ह्ये गाईम्होरं टाकत्यात." आणि टाकलं की! गाईनंही तोंड फिरवलं. तू हसलीस, "जनावराला काय कळतंय," म्हणालीस, पण रिकामं गाडगं उचलताना माझ्याकडं बघितलं न्हाईस. तेव्हापासून वन्सं दर सणाला ती गाय काढतात. गाय मरून गेली, बोलणं काही मरंना.

तर परवाची गंमत. ताप उतरल्यावर मी घरातल्याच सालींचा तुझ्या रीतीनं गोज्जू करून ठेवलेला. सुनेनं तो दोघींना वाढला आणि भाकऱ्या थापायला आत गेली. वन्संनी एक बोट चाटलं, मग दुसरं.

"अगं बाई! विहीणबाई, ह्ये तुमच्या अकलूजचं व्हय? लई झ्याक! हाताला चव हाय की तुमच्या!"

विहीणबाईंनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, न उघडलेल्या बरणीकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "हां, म्हंजी, घरचंच आपलं."

अव्वा, मी अशी तटकन उठून बसले की सून धावत आली आणि ताप उलटला म्हणून कपाळ चाचपायला लागली. म्हणणार होते, माझ्या अव्वाचा हाय तो! पण विहीणबाई लाल झाल्या होत्या, गोड लाल. लेकीच्या सासरी इतक्या वर्सांत पहिल्यांदाच कुणी त्यांना वाखाणलं होतं. मला तुझं रिकामं गाडगं दिसलं आणि मी पुन्हा आडवी झाले. तिकडं वन्सं भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसत होत्या.

जाताना म्हणाल्या, "विहीणबाई, मी परत येणार हाय. तुमीबी या, आणि ह्येच आणा, गाडगंभर!"

विहीणबाईंचा चेहरा उतरला. गाड्या जुंपेपर्यंत माझ्या कानाशी येऊन बसल्या. "माझं मेलीचं तोंड! कसं करत्यात, सांगा की." सांगितलं. चिंच सांगितली, गूळ सांगितला, तीळ किती भाजायचे तेसुद्धा सांगितलं.

तुला वाचता येत न्हवतं, मला लिहिता. आता नातीनं पाटीवर गिरवून शिकवलंय, तर तू न्हाईस, धाडू कुठं? हा कागद सालींबरोबर ट्रंकेत घालते, कसर तरी लागायची न्हाई.

एक तेवढं तुलाच सांगते. पहिलं पाणी फेकायचं मी विहीणबाईंना सांगितलेलं न्हाई. सांगणार हाय की, पण वन्संचा पहिला घास झाल्यावर. मग माझं गाडगं काढीन, तुझं नाव घेऊन. दोघी पौर्णिमेला यायच्या हाईत.