म्हातारी सुरू झाली त्याची हकीकत

अत्-बाशी, कडाक्याचा जानेवारी

आदरणीय केरिमकुल दादांना,
तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा तुर्गुनाली याचा दोन्ही हात छातीशी धरून सलाम.

तुमची तब्येत, तुमचे गुडघे, लेक, जावई, नातवंडं सगळं खुशाल असो. इकडे माणसं ठीक आहेत, जनावरांचं पुढे लिहितो. तुमची बहीण सायरागुल ठणठणीत आहे, म्हणजे मला बोलण्याइतका दम तिच्यात अजून शिल्लक आहे. तुमच्या बिश्केकमध्ये म्हणे भिंतीतल्या नळांमधून ऊब येते आणि लोक ऐन जानेवारीत घरात बनियनवर हिंडतात. दादा, तुम्ही असे हिंडत असाल हे काही माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. मला तुम्ही आठवता ते मेंढीच्या कातड्याच्या कोटात, काजळी फासलेल्या तोंडाने, मिशीला बर्फाचे खडे लोंबत असताना, आणि ‘तुर्गुनाली, दिवा जरा डावीकडे धर, इंजिन शेकायचंय, माझी ढोपरं नाही’ असं म्हणताना. (ढोपरं तेव्हाच शेकून घ्यायला हवी होती, असं आता वाटतं.)

तर यंदा बर्फ असा पडलाय की आमच्या कुंपणावरून शेजारचा कुत्रा चालत आत येतो आणि त्याला कुंपण ओलांडल्याचं कळतही नाही. अक्-सायच्या पठारावर तर विचारूच नका. तिकडे आपला जोल्दोश मेंढपाळ गावाच्या सगळ्या मेंढ्या घेऊन हिवाळ्याला राहिलाय, तुम्ही त्याला त्याच्या पहिल्या घोड्यावर बसवलं होतंत तोच. त्याचा भाऊ घोड्यावरून घाट उतरून आला, गालाची कातडी काळी पडलेली, आणि म्हणाला, ‘गवत संपत आलंय. मेंढ्या एकमेकींची लोकर खायला लागल्यात.’ एवढंच बोलला आणि आमच्या चुलीपाशी बसल्या बसल्या झोपला. सायरागुलने त्याच्या हातातला वाडगा अलगद काढून घेतला.

गावाचा प्रमुख हल्ली एसेनकान आहे. माणूस वाईट नाही, पण त्याने गेल्या उन्हाळ्यात एक नवाकोरा ट्रक आणलाय, आणि तेव्हापासून तो चालतोसुद्धा त्या ट्रकसारखा, पोट पुढे काढून. गवत ट्रकवर चढवलं, सगळा गाव जमला, एसेनकानने किल्ली फिरवली, आणि समोरच्या पाटीवर एक लाल दिवा लागला. नुसता दिवा. गाडी हूं की चूं नाही. एसेनकान म्हणाला, ‘हिच्या आतला संगणक नाही म्हणतोय. नारिनहून माणूस आणावा लागेल.’ नारिनचा रस्ता बंद. मग सगळा गाव हळूहळू वळून माझ्याकडे पाहायला लागला. म्हणजे माझ्याकडे नव्हे दादा, माझ्या अंगणाकडे, जिथे आपली म्हातारी उभी आहे.

म्हातारी म्हणजे आपला उराल ट्रक हो. (सायरागुलला अजून कधीकधी वाटतं की मी तिच्याबद्दल बोलतोय, आणि मग जेवण उशिरा मिळतं.) लष्कराने बाद केलेला तो ट्रक सामूहिक शेतीच्या गॅरेजात आला तेव्हा आपण दोघांनी त्याच्या दारावरचा तारा खरवडून काढला होता आणि खाली आणखी एक तारा निघाला होता. शेती मोडली, गॅरेज मोडलं, तुम्ही शहरात गेलात, आणि म्हातारी माझ्या अंगणात कोंबड्यांचं घर झाली. मी दार उघडलं तर ड्रायव्हरच्या जागेवर, तुमच्या जागेवर, एक पांढरी कोंबडी बसलेली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आधी तिची माफी मागितली.

पहिलं काम बॅटऱ्या. दोन ट्रॅक्टरच्या उसन्या आणल्या आणि चुलीपाशी गोधडीत गुंडाळून ठेवल्या. सायरागुल म्हणाली, ‘लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यातही असंच. चुलीच्या बाजूला बॅटरी, मग दादा, मग तुम्ही, आणि दाराच्या फटीपाशी मी.’ मी म्हटलं, बॅटरी गार पडली तर सकाळी उठत नाही. ती म्हणाली, ‘मी उठत होते म्हणून मला गार ठेवलं काय?’ याचं उत्तर तुम्हीच कळवा.

डिझेल टाकीत मेंढीच्या चरबीसारखं थिजलं होतं. ते खरवडून काढलं, नवं घातलं, त्यात रॉकेल मिसळलं. मग इंजिनाच्या पोटाखाली तो फुरफुरणारा दिवा लावला, तुमचाच, पितळेचा. तुमच्या हातात तो मांजरासारखा घुरघुरायचा. माझ्या हातात त्याने आधी एक मोठा श्वास घेतला आणि माझी डावी भुवई नेली. (उजवी आहे. फोटो काढायचा तर मी त्या बाजूने उभा राहीन.) तोवर बायकांनी सहा घरांच्या न्हाणीतलं कढत पाणी बादल्यांनी आणलं. मी वरून रेडिएटरमध्ये ओततोय, ओततोय, आणि मनात म्हणतोय, म्हातारीला तहान फार लागलीय. खालचा नळ उघडा होता. पाणी वरून जात होतं आणि खालून माझ्या बुटांवर येत होतं, आणि एसेनकानने ते दाखवून दिलं तेव्हा मला पाय उचलून बघायलाही जमेना, कारण ते पाणी गोठून बूट जमिनीला चिकटले होते. मी बुटांतून बाहेर आलो. बूट तिथेच उभे राहिले, शिस्तीत, शेजारी शेजारी. बायकांनी दुसरं पाणी तापवायला ठेवलं. सायरागुलने माझ्या पायांत तिचे बूट घातले.

मग किल्ली फिरवली तर इंजिन एकदा कण्हलं आणि थांबलं. म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायचं ठरलं. आता तुम्ही म्हणाल, गिअरचं तेल न शेकता ओढायला निघालास? होय, निघालो. तेल थिजलेलं, चाकं फिरलीच नाहीत. सगळी सहा चाकं स्वस्थ, आणि म्हातारी घसरगाडीसारखी गावातून निघाली. मी स्टिअरिंग फिरवतोय, ते कुणाच्या बापाला विचारत नाही. मशिदीपुढून गेलो, तिथे म्हाताऱ्या लोकांनी मला सलाम केला, मीही केला. शेवटी एका मोठ्या बर्फाच्या ढिगात तोंड खुपसून थांबलो.

एसेनकान ट्रॅक्टरवरून खाली उतरला. मला वाटलं आता टोमणा मारेल. पण तो म्हणाला, ‘काका, मेंढ्या मरतील. सांगा, काय करू?’ मग मी डोळे मिटून तुमचं गॅरेज आठवलं. तो रॉकेलचा वास, खारट चहा, आणि तुम्ही पाठीवर झोपून, एकेका लोखंडाला हात लावून बघताय, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. घाई नाही, शिव्या नाहीत. मी गोवऱ्यांचे निखारे मागवले. ज्वाळा नाही, नुसता विस्तव, पत्र्यांवर, गिअरखाली, मागच्या दोन्ही आसांखाली. वरून घोंगड्या टाकल्या, आणि लोखंड तापायची वाट पाहत उभे राहिलो.

पुढच्या वेळी ओढलं तेव्हा चाकं फिरली. आधी एक खोकला, पांढरा धूर, मग दोन खोकले, आणि मग दादा, तो आवाज. घराघरांतून लोक बाहेर आले. गवत चढवायला म्हातारी अंगणात परत आणली तेव्हा सायरागुल माझ्या बुटांपाशी उभी होती (बूट अजून तिथेच होते). डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, ‘धूर फार झालाय.’ वारा उलट्या बाजूला होता.

घाटात आम्ही दोनदा रुतलो, ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हाला ती दोन्ही वळणं माहीत आहेत. जोल्दोश गोठ्यापुढे उभा होता. म्हणाला, ‘तुमचा आवाज आधी मेंढ्यांनी ऐकला. सगळ्यांनी माना वळवल्या. मला वाटलं लांडगा आला.’ बऱ्याच मेंढ्या गेल्या होत्या, भिंतीपाशी रचून ठेवलेल्या. पण बहुतेक वाचल्या. गवत खाली पडलं तेव्हा त्याची बायको मेंढ्यांच्या मध्येच बसून राहिली, कितीतरी वेळ, आणि कुणी तिला उठवलं नाही.

तर अशी हकीकत. काही काळजी करू नका, सगळं मला जमतंय. सोबत घरच्या वाळवलेल्या दह्याचं कुरुत पाठवलंय, दातांना झेपेल तेवढंच खा.

तुमचा,
तुर्गुनाली

ता.क. एक छोटी गोष्ट राहिली. परत आल्यापासून मी इंजिन बंद केलेलं नाही. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही, याची मला खात्री नाही. लोकांना सांगितलंय की लष्करी गाडीला असं चालतं ठेवायची पद्धत असते. गावाचं डिझेल संपत चाललंय.

ता.क. दुसरा. किल्ली फिरवण्याआधी तुम्ही डाव्या हाताने आत काहीतरी करायचात. मी नेहमी बाहेर दिवा धरून असायचो, म्हणून ते कधी दिसलं नाही. पत्राने कळण्यासारखं नसेल. रस्ता उघडला की दोन दिवस येऊन दाखवून जाल का? गडबड नाही. पण या.

ता.क. तिसरा, सायरागुलकडून. दादा, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हे रोज संध्याकाळी गाडी बंद करतात आणि रोज सकाळी एकटेच सुरू करतात, पहिल्या झटक्यात. आता गवताची दुसरी खेपही झाली. नुसतं ‘या’ म्हणून लिहायला यांना जमत नाही. तू ये. आलास की काहीतरी चूक काढ आणि यांना चांगलं फैलावर घे. चुलीपाशी तुझी जागा केली आहे, बॅटऱ्या मी दाराशी ठेवल्यात.