पारावरची खुर्ची

२६ जाने. ९८, माहेरी
ग्रामसभा पारावर, मारुतीसमोर. त्या पारावर बाईमाणसानं चढायचं न्हाई, आजीच्या आजीपासून. आणि सरपंच कोण, तर आमची वहिनी! राखीव जागा, म्हणून दादानं बायकोला उभी केली. खुर्ची वर रिकामी, वहिनी खाली धुळीत, पदर नाकापर्यंत. दादाच बोलला. सहीपुरता कागद खाली आला. धनगरवस्तीच्या नळाचा विषय पुन्हा राह्यला. मी मेली टिपणं घेत बसले.

२ फेब्रु., जालना
पीएच.डी.च्या सरांना सांगितलं. भलतेच खूश. "राज्यघटना पुस्तकात शोधू नका, गावात ती कशी जगते ते बघा. हेच तुमच्या प्रबंधाचं प्रकरण!"
जगते कसली, डोंबलाची.

१५ मार्च, गाव
वहिनी भाकरी थापता थापता : "ताई, सभा शाळंत घेतली तर? कायद्यात बसतं का?"
बसतं, म्हटलं. हरखली. "मंग वस्तीचा नळ मीच मांडते."

२९ मार्च, गाव
वस्तीवरच्या बाया शाळेत आल्या, लेकरं काखेत घेऊन. पुरुष एक न्हाई. सगळे पारावर विड्या ओढत बसले. माणसं पुरेशी न्हाईत म्हणून ग्रामसेवकानं दप्तर गुंडाळलं. सभा रद्द.
दादा माझ्यावर : "देवाला सोडून सभा न्हेली! तूच शिकवून राह्यली तिला." वहिनी चुलीत लाकडं सारत राह्यली. बाया परत विहिरीवर.

९ एप्रिल
प्रकरणाचं नाव टाकलं, 'कायदा आणि रूढी : परस्परसंबंध'. पुढं ओळ सुचेना. आग लागो त्या परस्परसंबंधाला. इतकी वर्षं कॉलेजात पोरांना काय शिकवलं मी? कुणासाठी? सगळं फुकट वाटतंय.

३० एप्रिल
वहिनीचा फोन, राजूरच्या एसटीडीवरून. तिथल्या गणपतीला जाते सांगून घरून आल्ती. उद्याची सभा दादानं पुन्हा पारावरच लावलीय.
"ताई, मी वर चढून खुर्चीत बसनार. तुमचे दादा म्हनले, चढलीस तर माहेरची वाट धर. तुमी या. तुमी संगं चढल्या तर वस्तीच्या बाया बी चढतील."
येते, म्हणून बसले.
फोन ठेवला अन् तो पार डोळ्यांपुढं आला. त्या पारासमोरून जाताना मी आजही चपला काढते, पदर घेते, खाली बघते. पिशवी भरून ठेवलीय. पहिल्या गाडीनं निघायचं.
वहिनी चढेल. मला तिची खात्री आहे. माझी स्वतःची न्हाई.