लांब फोटोतली मधली जागा

मी, भिकन दगा बोरसे, वय ६६, राहणार उधना, सुरत, मूळ गाव अमळनेरजवळ, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. दबाव कोणाचाही नाही. पत्नी अनुसयेचा एरवी असतो, पण हे तिला ठाऊक नाही.

१. उधन्यातल्या दोन्ही खोल्या माझ्यानंतर अनुसयेच्या. तिच्या हयातीत कोणी विकू नयेत. सुरतेने मला कापडाच्या लूमवर काम दिले, पोरांना शाळा दिली, या शहराचे उपकार मोठे. पण खोल्या झाल्या त्या अनुसयेमुळे. मी तर पगार हाती पडला की फिल्मचा रोल आणायला पळायचो.

२. कॅमेरा मुलगा लखन याला. कॅमेऱ्याचे भिंग बुरशीने गेले, तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात टाक. मी भिंगाच्या जागी पितळेचा पातळ पत्रा बसवला, त्याला सुईने बारीक भोक पाडले, आणि दोन फोटोंच्या जागेत एकच लांब फोटो येईल असे केले. सुई अनुसयेची होती, वाकली, शिव्या खाल्ल्या. पण आख्खी गल्ली एका फोटोत मावू लागली! गल्लीतल्या लोकांनो, माझ्यासाठी न हलता उभे राहिलात, देव तुमचे भले करो. शेजारचा मारुती सोडून. तो दरवेळी हलला, तोंड पुसट आले, आणि दोष कॅमेऱ्याला! त्याला माझी सायकल द्यावी. तिच्यावर बसून हवे तितके हलावे.

३. आता मुद्द्याचे. या कॅमेऱ्यात मधले स्वच्छ येते, कडेचे काळवंडते. थोरले भाऊ बन्सीलाल यांच्या मुलाच्या लग्नात आमची आई मध्ये उभी होती. विधवा बाई मध्ये नको, म्हणून भावाने तिला कडेला सरकवले. फोटोत ती ओळखूसुद्धा येत नाही. आईचा दुसरा फोटो नाही. भाऊ, याचा राग अजून गेलेला नाही; म्हणूनच साक्षीला तुलाच बोलावले आहे.

माझ्यानंतर नात योगिताचे लग्न होईल, तेव्हा हेच अनुसयेच्या वाट्याला येणार. म्हणून अट: लग्नाचा लांब फोटो लखनने याच कॅमेऱ्याने काढावा. अनुसया नवरीशेजारी, मधोमध. ती आपणहून मागे सरेल. हाताला धरून आणावे. ती येईपर्यंत भोकावरचे झाकण उघडू नये. वऱ्हाड ताटकळले तर ताटकळू दे. अट मोडली तर कॅमेरा मारुतीला जावा. यापेक्षा मोठी शिक्षा मला सुचत नाही.

अनुसया, तुझ्यामुळे माझा जन्म सुखात गेला. तोंडावर म्हणायला लाजलो, इथे म्हणतो.

ठिकाण: उधना, सुरत
दिनांक: ९ फेब्रुवारी १९९६
सही: भिकन दगा बोरसे

साक्षीदार:
१. डॉ. किरण वाघ. बोरसे पूर्ण शुद्धीत आहेत, जरा जास्तच.
२. बन्सीलाल दगा बोरसे. मी समदं वाचं. अनुसया मधमाच उभी राही. कडले मी उभा ऱ्हासू.