डावीकडच्या शिटावर मामा

रवि., ४ जाने.
ओढ्यातून गाडी काढली. मी! पाणी बंपरपर्यंत, खाली गोल गोटे, आणि पलीकडच्या काठावर मामा दोन्ही हात वर करून, "ये, ये, थांबू नको!" सासरा सुनेला ओढ्यात बोलावतोय. आमच्या बावड्यात कुणाला सांगून पटणार नाही.
बाहेर आल्यावर म्हणाले, "थांबली असतीस तर पोहत आली असतीस."
सहा गाड्या होत्या. पाच नव्या कोऱ्या, चालवणारे सगळे बाप्ये. आणि आमची जुनी जीप. मामांनी कारखान्याच्या नोकरीत तीस वर्षं अशीच जीप उसाच्या रानातनं फिरवली. आता लायसन संपलंय, म्हणून मला शिकवलं. मी चालवायची, त्यांनी पुढं उभं राहून खुणा करायच्या.
उदयदादांनी (रविवारी अशा अवघड वाटांनी गाड्या काढायची ही टोळी त्यांनीच जमवलीय) विचारलं, "वहिनी, पुढच्या रविवारी कातळाची चढण. जमंल?" माझ्याआधी मामाच, "जमंल म्हंजे? येणारच की!"
घरी येऊन संदीपला फोटो दाखवले. नवरोबांचा एकच प्रश्न, "पट्टा लावलावतास का?"

गुरु., ८ जाने.
सकाळी दूध संस्थेत लोकांचं दूध घेताना सुद्धा डोक्यात कातळ. दुधाची फॅट मोजायची सोडून म्हशीच्या किटलीकडं बघत बसले. मामांनी चारी चाकांतली हवा तपासली, दोनदा. नाद लागलाय दोघांनाही.

रवि., ११ जाने.
वाईट झालं. म्हणजे कुणाला लागलं नाही.
वाडीतल्या लोकांना विचारून वर गेलो. काळा कातळ, डावीकडं उतरता, त्या हाताला कमरेएवढी खोल कड. मी लो गिअरमध्ये टाकून हळूहळू वर. मामा पुढं उभे. हाताची खूण – डावीकडं घे. मला वाटलं, कड जवळ आली. पण ते खूण करतायत म्हणजे असंल जागा. घेतलं. डावं चाक सुटलं, गाडी कलली, मला डावीकडच्या खिडकीतून नुसती जमीन दिसायला लागली.
ब्रेक धरून बसले. किती वेळ कुणास ठाऊक. उदयदादांनी मागून दोर बांधून, टोचन लावून ओढली.
मामा म्हणाले, "ओल होती, घसरली." ओल कुठली? आठ दिवसांत थेंब नाही.
हा माणूस!

बुध., १४ जाने.
संक्रांत. शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन आल्या. मामा खुर्चीत. काकूंनी वाटी त्यांच्या उजव्या बाजूनं धरली. धरूनच उभ्या. मामांना पत्ताच नाही. काकू "अवो घ्या की" म्हणाल्या तेव्हा केवढे दचकले.
मग एकदम लक्षात आलं. गाडीसमोर तोंड करून उभं राहिलं की गाडीची डावी बाजू त्यांच्या उजव्या डोळ्याकडं येते. कड त्यांना दिसलीच नव्हती.

गुरु., १५ जाने.
गोठ्यात गाठलं.
"मामा, उजव्या डोळ्यानं दिसत नाही ना?"
आधी म्हशीलाच काहीतरी बोलले. मग, "मधलं दिसतंय. कडंचं न्हाय."
"कधीपासनं?"
"गणपतीच्या आधीपासनं."
"आणि सांगितलं नाही?"
"सांगितलं असतं तर तुम्ही मला दारातल्या खुर्चीवर बसवलं असतं. दुसरं काय केलं असतं?"
राग आला होता, मोठा. गाडीत मी होते. तेही त्यांना बोलून दाखवलं. मामा चारा टाकत, माझ्याकडं न बघता, "त्या दिवसापासनं झोप न्हाय. तुला काय झालं असतं तर..."
सौदा केला. मंगळवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. आणि पुढं उभं राहायचं नाही, गाडीत बसायचं, माझ्या शेजारी. लगेच "व्हय" म्हणाले. तोवर संदीपला सांगायचं नाही, हे मात्र माझंच डोकं.

रवि., १८ जाने.
चढले चढले चढले!!
तीच चढण. आधी चालत वर गेले, एकटी. प्रत्येक दगड बघितला, कडेवर खडूनं रेघ मारली. उदयदादांना म्हटलं, पुढं तुम्ही उभे राहा. त्यांनी मामांकडं बघितलं आणि पुढं जाऊन उभे राहिले. भला माणूस.
मामा डावीकडच्या शिटावर. पट्टा लावला, आणि डोळे मिटून घेतले! मी म्हटलं, आता हे काय? "तू बघ. मी ऐकतो."
आणि खरंच ऐकलं. "गाडी रडाय लागली, रेस सोड थोडी... आता धर... धर... मागचं चाक फिरतंय नुसतं, सोड... हां, लागलं बघ, आता जा!" मला काही कळायच्या आत ते सांगत होते. उदयदादांचे हात, मामांचा आवाज, आणि मी मधी. शेवटच्या पायरीला नाक आभाळाकडं, समोर काही म्हणजे काही दिसेना, फक्त "जा की! जा की!" आणि धप्पकन सपाटी.
वर वारा. खाली सगळी खोरी, धुकं अजून निघालेलं नव्हतं. नव्या गाड्यांतल्या दोन अजून खालीच होत्या! मामा उतरून बॉनेटवर थापा मारत सुटले, म्हशीला मारतात तशा. पोरं ओरडत होती, "नाद खुळा, आजोबा!" खर्डा-भाकरी खाताना मामांनी सगळ्यांना तीनतीनदा सांगितलं, कुठं गाडी रडली आणि कुठं हसली.
इतकी कधी ओरडले नव्हते. घसा बसलाय.

मंगळ., २० जाने.
काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. थेंब रोज, चुकवायचे नाहीत. डावा डोळा चांगला आहे. मामांनी विचारलं, "गाडीत बसलं तर चालंल?" डॉक्टर म्हणाले, "बसा की, चालवू नका."
घरी संदीपला सगळं सांगितलं. रविवारचंही. खूप चिडला. "माहीत असताना घेऊन गेलीस? माझा बाप आहे तो." चूक म्हणू शकत नाही मी त्याला. गुरुवारीच सांगायला पाहिजे होतं, आणि तसं म्हटलं. जेवला नाही.

शुक्र., २३ जाने.
तीन दिवस घरात फक्त "थेंब घातले का" एवढंच बोलणं. उदयदादांचा निरोप, रविवारी लांबची वाट आहे, दिवसभराची. आमची गाडी सगळ्यात पुढं ठेवणार म्हणाले. पुढं! उत्तर दिलं नाही अजून.

शनि., २४ जाने.
दुपारी संदीप स्वतःहून जीप धूत होता. पाइप हातात, माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या मी पण येतो."
"तू? तुला घाट लागतो."
"लागू दे."
मी काही बोलायच्या आत मामा बाहेर आले. म्हणाले, "पोराला पुढं बसव. मागं बसला तर ओकंल." संदीप म्हणाला, "तुमची जागा आहे ती." मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मागं चढले, मधल्या दांडीला धरून बसले, डोळे मिटले.
"चालू कर जरा. मागनं ऐकू येतंय का बघतो."
चालू केली. लोमध्ये टाकून अंगणातच थोडी पुढं, थोडी मागं घेतली. संदीप पाइप घेऊन तसाच उभा, पाणी त्याच्या पायांवर. आम्ही दोघंही मामांच्या तोंडाकडं बघत होतो.
"आणि एकदा," म्हणाले.